पाठीतला चौकोन

"हलायचं नाही हं," भिंतीवरच्या पेटीतून आवाज आला, आणि ती पटकन म्हणाली, "आई आहे ना?"

म्हणून गेली आणि मग जीभ चावली. पन्नाशी उलटलेली बाई, इमारतींचे नकाशे काढण्यात जिची निम्मी हयात गेली, हाताखालच्या लोकांना एक रेघ तिरकी गेली तर जी घाम फोडते, ती या अरुंद फळीवर उताणी पडून विचारते काय, तर आई आहे ना! काचेपलीकडचा तंत्रज्ञ गोंधळला असणार. पेटी थोडी खरखरली आणि म्हणाली, "बाहेर तुमचे मिस्टर बसलेत. बोलावू का?" "काही नको," ती म्हणाली, आणि हेही जरा जास्तच जोरात म्हणाली. कॅमेऱ्याची चपटी थाळी हळूहळू खाली येत नाकापासून वीतभर अंतरावर थांबली. सकाळी हाताच्या शिरेत औषध टोचलं होतं. ते म्हणे हाडांत जिथे रक्त तयार करणारा जिवंत मगज असेल तिथे जाऊन बसतं आणि मग चित्रात तेवढी जागा उजळते. उजळू दे नाहीतर विझू दे, एकदाचं संपू दे, असं तिला झालं होतं. अंगातल्या झग्याच्या नाड्या मागे होत्या आणि त्यातली एक पाठीखाली गाठ होऊन टोचत होती. हलायचं नाही म्हटल्यावर नेमकं तिथेच खाजायला लागलं. आणि त्या खाजेच्याही खाली, कुठेतरी खोल, ती पेटी होती. ही नव्हे, दुसरी. काळी, बारीक भोकाभोकांची, अर्ध्या उंचीपर्यंत हिरव्या रंगाने रंगवलेल्या भिंतीवर. ती तेव्हा पालथी होती, गाल गार रबरावर होता आणि रबराला औषधी वास होता. हे तापातलं स्वप्न. हे ती लहानपणापासून ओळखून होती. एकदा शाळेत असताना आईला सांगितलंही होतं, आणि आई म्हणाली होती, "ताप होता तुला. तापात काय वाट्टेल ते दिसतं." तिथे विषय संपला. आईशी कुठलाही विषय असाच संपतो, आईला हवा तेव्हा आणि हवा तिथे.

गेले कित्येक महिने तिचा असा सगळ्यांवरच राग होता. जिना चढताना धाप लागायची म्हणून जिन्यावर, दात घासताना रक्त यायचं म्हणून ब्रशवर, नडगीवर आपोआप निळे डाग उमटायचे म्हणून टेबलाच्या कोपऱ्यांवर. मग रक्ताचा डॉक्टर आला आयुष्यात. त्यानं कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई घालून मगज ओढून बघितला, आणि निघाली काय, तर नुसती चरबी. "तुमच्या हाडांतला कारखाना बंद पडलाय," तो म्हणाला. अशी सोपी उदाहरणं देणारी माणसं तिला डोक्यात जायची. सोमवारी भरती व्हायचं, जड औषधं सुरू करायची, शरीराची सगळी प्रतिकारशक्ती आधी पाडायची, काचेच्या खोलीत राहायचं, आणि त्यानंही भागलं नाही तर दादाचा मगज हिच्या अंगात. त्याआधी एकदा सगळ्या हाडांचं चित्र काढून घेऊ, म्हणजे आपलं समाधान. समाधान कुणाचं ते त्यानं सांगितलं नाही. नवरा मात्र मान डोलवत राहिला. तो कुठल्याही डॉक्टरसमोर अशी मान डोलवतो की आजार त्यालाच झालाय आणि त्याला तो मान्यही आहे, असं वाटावं.

चित्र बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं तेव्हा त्या पडद्याकडेच बघत होत्या. वयानं लहान, आवाजानं शांत. "बसा," म्हणाल्या आणि पडदा फिरवला. काळ्यावर पांढरं असं एक माणूस होतं तिथे. बरगड्या, छातीचं हाड, खांदे, मांड्यांचे वरचे भाग, सगळं धुरकट पण छान उजळलेलं. आणि पाठीच्या खालच्या भागात काहीच नव्हतं. काहीच नव्हतं म्हणजे चौकोनभर काहीच नव्हतं. वरची कड सरळ, बाजूच्या कडा सरळ, कोपरे काटकोनात. मणके वरून उजळत उजळत येत होते आणि एका रेघेशी येऊन खलास होत होते. डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आधीच तिनं ते हेरलं, कारण आयुष्यभर रेघा मारलेल्या माणसाला दुसऱ्यानं मारलेली रेघ कळते. ही रेघ आपोआप आलेली नव्हती.

"आजार असा पट्टी धरून पसरत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला लहानपणी पाठीवर किरणं दिली होती का? गाठीसाठी वगैरे?"

"नाही."

"नक्की?"

"अहो, माझ्या अंगाला काय झालं ते मला माहीत नसेल का?"

"पाठीवर एक जुना व्रण आहे तुमच्या."

"जिन्यावरून पडले होते लहानपणी."

"आठवतंय पडलेलं?"

नवरा म्हणाला, "तिच्या आई सांगतात तसं."

"मग आईंनाच विचारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बोटानं त्या चौकोनाचा खालचा कोपरा दाखवला. "सुई इथे घातली होती. किरणं घेतलेल्या जागेत मगज मरतो, चरबी होते, आणि ते तसंच राहतं, वर्षानुवर्षं. म्हणजे सुईला चरबी मिळणारच. बाकीची हाडं बघा, ती जिवंत आहेत. किरणं दिली असतील तर सोमवारचं सगळं थांबवता येईल, छातीच्या हाडातून पुन्हा मगज काढून खरं काय ते बघता येईल. थांबवता येईल म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही हं. किरणं घेतलेल्यांनाही पुढे रक्ताचे त्रास होतात. पण ते वेगळे, त्यांची औषधं वेगळी. आणि किरणं दिलीच नसतील, तर ही जागा कशानं रिकामी झाली ते मला सांगता येणार नाही. मग रक्ताचे डॉक्टर थांबणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येणार नाही. इतके जुने कागद कुठेच मिळत नाहीत. कुणीतरी हो म्हणायला हवं."

कुणीतरी! घरी कोण होतं हो म्हणायला? वडील जाऊन वर्षं झाली. उरली ती आई, जिच्या तोंडातून हो काढणं म्हणजे भिंतीतून पाणी काढणं. गाडीत बसल्यावर नवऱ्यानं काच खाली केली, वर केली, आणि म्हणाला, "बघ, म्हणजे एका अर्थी चांगलीच बातमी आहे." "तू गप्प बस," ती म्हणाली. तो गप्प बसला आणि पुढच्या सिग्नलला म्हणाला, "मी आपलं म्हणतोय." त्याचं हे आपलं म्हणणं तिनं किती वर्षं ऐकून घेतलं होतं. तिनं दादाला फोन लावला. दादा फोनवर नेहमी घाईत असतो, घरी नुसता लोळत असला तरी. "हां, बोल चिमट्या." चिमटा हे तिचं नाव. लांब पाय आणि आखूड धड, म्हणून दादानंच ठेवलेलं. घरात सगळे ताडमाड. ही उभी राहिली तर त्यांच्यातलीच वाटायची आणि जेवायला बसली की एकदम टेबलाच्या कडेशी हनुवटी. "आजीवर गेलीये," आई म्हणायची. आजीचा एकच फोटो होता आणि त्यात ती खुर्चीवर बसलेली होती, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. आता गाडीत, फोन कानाला लावलेला असताना, तिला एकदम कळलं की किरणांनी मगज जर मारला असेल तर त्या मणक्यांना वाढूही दिलं नसेल. चिमटा! आयुष्यभर ब्लाउज कमरेशी दुमडून घेतले, आणि शिवणाऱ्या बाईला सांगितलं की आमच्याकडे आजी बुटकी होती.

"दादा, मला लहानपणी काही आजार झाला होता का? मोठा? दवाखाना वगैरे?"

"मला काय माहीत? मला तेव्हा मावशीकडे ठेवलं होतं."

"तेव्हा म्हणजे केव्हा?"

"तेव्हा म्हणजे... मला मावशीकडे ठेवलं होतं ना एकदा, बरेच दिवस. मी इतका रडलो होतो की मावशीनं माझ्याशी बोलणं टाकलं. का ठेवलं होतं ते मला कुणी सांगितलंच नाही. आईला विचार ना."

"आईला विचार, आईला विचार! तू का नाही विचारलंस कधी?"

"विचारलं. म्हणाली, घराला रंग देत होते."

घराला रंग! तिला हसू आलं, आणि तिनं फोन बंद केला. अळीमिळी गुपचिळी खेळणारं घर. सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलेलं, आणि जिच्या पाठीवर हा खेळ चालला होता तिला खेळ चालू आहे हेसुद्धा ठाऊक नाही. राग होता तो आईवरचा, पण आईपर्यंत पोचायला अजून अर्धा तास होता, म्हणून तिनं वाटेत नवऱ्याच्या गिअर बदलण्यावर काढला.

घरी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ऐंशी पार केली तरी हात चालू. "झालं का? किती उशीर! तोंड बघ कसं उतरलंय. काही खाल्लंस का?" तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "आई, मला लहानपणी किरणं दिली होती?" आईचा अंगठा शेंगेवर थांबला नाही. शेंग फुटली, दाणे वाटीत पडले. "कसली किरणं?" "पाठीवर. दवाखान्यात." "काहीतरीच! तू पडली होतीस जिन्यावरून." "कुठल्या जिन्यावरून? आपण तेव्हा खालच्या मजल्यावर राहायचो." हे तिला त्याच क्षणी सुचलं होतं आणि इतकं साधं कसं आजवर सुचलं नाही, याचा तिला आणखी एक राग आला. आई म्हणाली, "शेजारच्यांच्या जिन्यावरून." नवरा दारात उभा राहून म्हणाला, "आई, डॉक्टरांना फक्त माहिती हवीये. कुणी दोष देत नाहीये." "दोष कशाचा?" आई म्हणाली, "मी काय केलंय?" आणि वाटी उचलून नळाखाली धरली. तिनं सगळं सांगितलं, चौकोन, सुई, सोमवार, काचेची खोली. हातवारे करून, ओरडून, मग हळू, मग पुन्हा ओरडून. आई मटार धूत राहिली. धुतलेले पुन्हा धूत राहिली. शेवटी म्हणाली, "सगळं बरं होईल. चहा टाकते." तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. "मी मेले तरी तू चहाच टाकशील!" ती म्हणाली, आणि तरातरा न्हाणीघरात गेली आणि दार धाडकन लावून कडी घातली.

न्हाणीघर बरं होतं. पांढऱ्या फरशा होत्या, प्रत्येकीची कड सरळ, पण त्या कडांचा तिला राग नव्हता. तिनं बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. मनगटाशी सकाळच्या सुईचा कापूस अजून चिकटलेला होता. दिव्याच्या खाली आरशात तिचं डोकं दिसत होतं, खालच्या कडेला, नेहमीसारखं. तो पालथा पडलेला गाल आला. हिरवी भिंत आली. आणि आता जरा जास्त आलं, कारण आता कुणी ताप म्हणून हाकलत नव्हतं. एक माणूस होता, त्याच्या हातात पट्टी होती आणि जांभळं पेन होतं, आणि पेन थंड होतं आणि तो पाठीवर रेघा ओढत होता आणि तिला गुदगुल्या होत होत्या. आंघोळ नव्हती. आई ओल्या फडक्यानं पुसायची, मानेपासून एका रेघेपर्यंत, आणि मग पायांपासून दुसऱ्या रेघेपर्यंत, मधलं सोडून. "पुसली तर ते काका रागावतील." हे स्वप्न नव्हतं. स्वप्नात इतकी काळजी घेऊन कुणी कुणाला पुसत नाही. आणि मग सगळे निघून जायचे. हेच ते. सगळे बाहेर जायचे, काका, आई, सगळे, आणि एक जाड दार, घरच्या दारांसारखं नव्हे, भिंतीएवढं जाड दार, हळूहळू बंद व्हायचं. आपल्या अंगावर किरणं सोडतात तेव्हा त्या खोलीत दुसरं कुणी थांबू शकत नाही, एवढं साधं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

दाराबाहेर पावलं वाजली. सपाता घासत येणारी. आलीच! तिनं डोळे मिटले. ही आईची जुनी खोड. हिनं कुठलंही दार लावलं की आई येऊन बाहेर उभी राहणार आणि बोलायला लागणार. परीक्षेच्या अभ्यासाला बसली तरी, बाळंतपणाच्या खोलीबाहेर तरी, ऑफिसचं काम घरी आणून दार ओढून घेतलं तरी. उत्तर दिलं नाही तरी चालायचं, आईचं आपलं चालूच. पोरं लहान होती तेव्हा म्हणायची, आजीचा रेडिओ लागला. नवरा म्हणायचा, तुझ्या आईला तू दिसत असलीस की बोलायला काही नसतं, दार लागलं की सुचतं. न्हाणीघराचं दार बाहेर उघडतं, दोनदा आईच्या कपाळाला लागून टेंगूळ आलं, डॉक्टरकडे न्यावं लागलं, तरी ही बाई दाराला नाक लावून उभी. किती भांडली होती ती यावरून. दोन मिनिटं एकटं बसायची सोय नाही या घरात!

"गीझर बंद आहे ना?" आई म्हणाली.

तिनं मनगटावरचा कापूस सोलून काढला.

"चहा टाकलाय. साखर कमी घातलीये." मग, "टॉवेल नेलास का?" मग थोडा वेळ नुसता सपातांचा आवाज, या पायावरून त्या पायावर. "ऐकतेस ना? मी इथेच आहे हं."

बादलीवर बसल्या बसल्या तिचा हात आपोआप गार फरशीला लागला. मी इथेच आहे हं. हे वाक्य तिनं आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थच झिजून गेला होता, आणि आता ते काळ्या पेटीच्या बारीक भोकांतून आलं, जसंच्या तसं, त्याच आवाजात, फक्त तेव्हा आवाज तरुण होता. बाहेर आईनं श्वास घेतला.

"चार वर्षांची होतीस," आई दाराला म्हणाली. "कण्याजवळ गाठ होती. कापून काढली, आणि राहिली असेल म्हणून किरणं. रोज न्यायचो तुला. तुझे बाबा म्हणाले, गाठ गेली की तिचं नावही गेलं पाहिजे घरातून, नाहीतर ही पोर जन्मभर आजारी म्हणून वाढेल, लोक तिच्याकडे तसं बघतील. मला पटलं. खोटं कशाला बोलू, मला पटलं होतं. आणि मग बाबा गेले, आणि मला वाटलं, आता बोलले आणि ती परत आली तर? हसशील तू. पण मला वाटायचं, मी नाव घेतलं की ती ऐकेल."

ती हसली नाही. नळातून एक थेंब पडला, मग दुसरा.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"तुला सगळ्यांत जास्त त्या खोलीचं भय वाटायचं. एकटीला ठेवायचे ना. मला आत थांबूच देईनात, मी पाया पडले त्यांच्या. मग त्या यंत्रावरच्या माणसाला दया आली, त्यानं मला माइक दिला. म्हणाला, बोलत राहा, म्हणजे ती हलणार नाही. हलली तर नको तिथे लागेल. मग मी बोलायचे. काय वाटेल ते बोलायचे. तू विचारायचीस, आई आहे ना? मी म्हणायचे, आहे ना, इथेच, तुझ्याजवळ. तुला मान वळवता यायची नाही, म्हणून तुला खरं वाटायचं." आईचा आवाज बसला, मग पुन्हा वर आला, जरा चिडलेला, जणू कुणीतरी तिच्याशी वाद घालत होतं. "जवळ कुठली असणार मी? मी त्या दाराबाहेर होते. रोज खोटं बोलले. तू अजिबात हलली नाहीस. इतकी शहाणी होतीस की त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरला सांग, दिली होती म्हणावं. मी येते हवं तर, मी सांगते त्यांना तोंडानं. सोमवारी नको जाऊस तिकडे."

एवढं बोलून रेडिओ बंद पडला. आयुष्यात पहिल्यांदा लावलेल्या दाराबाहेर आई होती आणि बोलत नव्हती. तिला ते सहन होईना. या बाईनं वर्षानुवर्षं तिचा जीव नकोसा केला होता बोलून बोलून, आणि आता गप्प बसून तोच करत होती. रागावावं म्हटलं तर राग कुठून सुरू करावा ते सापडेना. दवाखान्याच्या लोकांवर? बाबांवर? तिनं कपाळ दाराला टेकवलं. लाकूड पातळ होतं, साधं, आतून पोकळ. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता.

"आई आहेस ना?" ती म्हणाली.

पलीकडे सपाता एकदा घासल्या.

"बाहेर आहे गं," आई म्हणाली. "दाराबाहेर आहे."

तिनं कडीवर हात ठेवला. "मग सरक बाजूला," ती म्हणाली, "नाहीतर पुन्हा लागेल तुला."